ते अकॉर्डियन कोणी वाजवलं?

गेल्या हिवाळ्यात जुन्या हिंदी गाण्यांच्या एका कार्यक्रमाला गेलो होतो. सभागृह भरलेलं, वादक तयारीचे, गाणारेही सुरात. ‘आराधना’मधलं ‘रूप तेरा मस्ताना’ सुरू होण्याआधी निवेदकानं चांगली पाच मिनिटं राजेश खन्नांवर घेतली. त्यांची त्या काळातली लोकप्रियता, हे गाणं एकाच शॉटमध्ये कसं चित्रित झालं, वगैरे. मग किशोरकुमारांवर दोन वाक्यं, सचिनदेव बर्मन यांचं नाव, आणि गाणं सुरू. ओळ संपली, अकॉर्डियनचा तो छोटासा तुकडा आला, आणि टाळ्या पडल्या. त्या टाळ्या सरळसरळ अकॉर्डियनला होत्या. पुढे तर प्रत्येक ओळीनंतर लोक त्या तुकड्याची वाटच बघत होते.

मध्यंतरात आत जाऊन त्या वादकाला भेटलो. पंचविशीतला मुलगा. छान वाजवलंस म्हटल्यावर तो संकोचून म्हणाला, “काका, माझं काय त्यात? ते कर्सी लॉर्डसाहेबांचं आहे. मी नुसतं उतरवून घेतलं.” आणि मग तो बोलतच सुटला. सूर दोन दिवसांत सापडले, पण भाता कुठे आवळायचा आणि कुठे सैल सोडायचा हे कळायला महिना गेला म्हणाला. त्या तुकड्यात सुरांपेक्षा श्वासच जास्त आहे, असं त्याचं म्हणणं. खाली मांडीवर बोटांनी वाजवून त्यानं मला ते दाखवलंही.

कर्सी लॉर्ड हे नाव त्या मुलाला ठाऊक होतं, त्याच्या शेजारी बसलेल्या ऑक्टोपॅडवाल्याला ठाऊक होतं, आणि टाळ्या वाजवणाऱ्या भरल्या सभागृहाला ते कुणी सांगितलं नाही. मला ही गोष्ट लागली. जुन्या गाण्यांवर आपला जीव आहे, यात शंका नाही. पण हे प्रेम पडद्यावरच्या चेहऱ्यापाशी, फार तर गायकापाशी येऊन थांबतं. गाणं ज्यांनी घडवलं त्या बाकीच्या माणसांपर्यंत ते पोचत नाही. गाण्याबरोबर त्यांची नावं सांगितली गेली पाहिजेत, लिहिली गेली पाहिजेत, आणि हे आपण श्रोत्यांनी मागून घेतलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

श्रोत्यांनी असं मागून घेतल्याचा दाखला आपल्याकडे आहे. 1949 साली ‘महल’ आला, तेव्हा ‘आएगा आनेवाला’च्या तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ असं छापलं होतं. कामिनी हे मधुबालाच्या भूमिकेचं नाव. सुरुवातीच्या बोलपटांत नट-नट्या स्वतःच गात, त्यामुळे आवाज पात्राचाच धरला जाई. 1935च्या ‘धूप छांव’पासून पार्श्वगायन आलं, रुळलं, तरी लेबलं जुन्या सवयीनंच छापली जात होती. हे गाणं रेडिओवर वाजू लागलं आणि ‘गातंय कोण?’ असं विचारणाऱ्या पत्रांचा ओघ आकाशवाणीकडे सुरू झाला. रेकॉर्ड कंपनीकडे विचारणा झाली, आणि मग लता मंगेशकर हे नाव रेडिओवरून सांगण्यात आलं. ज्या नावाशिवाय हिंदी गाण्याचा आज विचारही करता येत नाही, ते नाव लोकांनी पोस्टकार्डं टाकून काढून घेतलं आहे.

त्या गाण्याच्या सुरुवातीला आवाज लांबून येतो आणि हळूहळू जवळ येतो. लताबाईंनीच पुढे मुलाखतींमधून सांगितलंय, की मायक्रोफोन खोलीच्या मध्ये होता आणि त्या दूरच्या कोपऱ्यातून ‘खामोश है ज़माना’ म्हणत एकेक पाऊल टाकत त्याच्याकडे येत होत्या. ‘आएगा’ म्हणायच्या क्षणी मायक्रोफोनपाशी पोचायचं, आधी नाही आणि नंतरही नाही. म्हणजे आपल्याला दुरून जवळ येताना ऐकू येतो तो आवाज खरोखरच चालत आलेला आहे. विशीही न गाठलेली एक मुलगी गाता गाता चालते आहे, आणि ते अंतर भास म्हणून आपल्या कानात उतरतं आहे. हे कळल्यावर ते गाणं पुन्हा ऐकून बघा. मला तरी आता त्यात पावलं ऐकू येतात. संगीतकार खेमचंद प्रकाश दुसऱ्याच वर्षी, 1950 साली, वारले. गीतकार नक्शब जारचवी. ही दोन नावं किती जणांना आठवतात?

कुणी म्हणेल, नाव कळल्यानं गाणं काही वेगळं वाजत नाही. मला वाटतं, वाजतं. नाव कळलं की कान त्या दिशेला वळतो. ‘गाईड’मधलं ‘मोसे छल किए जाए’ मी वर्षानुवर्षं लताबाईंच्या हरकतींसाठी ऐकत होतो. त्यात तबला पंडित शिवकुमार शर्मांनी वाजवलाय हे कळलं त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यातला तबला ऐकला. संतूरचा एवढा मोठा माणूस, पण मुळात तबल्यावर बसलेला हात. बोलांमधला तो नेमका दाब, आणि गाणाऱ्या आवाजाला जागा देऊन बाजूला सरकणं. तबला तिथं 1965 सालापासून होताच, माझंच लक्ष नव्हतं.

त्या काळात गाणं कसं तयार व्हायचं हे थोडं समजून घेतलं, तर इतकी नावं का लागतात ते ध्यानात येईल. संगीतकार पेटीवर चाल बांधायचा. चाल म्हणजे गाण्याचा प्राण, हे मान्यच आहे. पण पेटीवरची चाल आणि रेकॉर्डवरचं गाणं यांच्यामध्ये मोठा पल्ला आहे. आपली परंपरा कानानं शिकायची. गुरूनं म्हणायचं, शिष्यानं उचलायचं. पन्नास वादकांना एकाच वेळी वेगवेगळं वाजवायला लावायचं तर स्वर कागदावर लिहिलेले हवेत, आणि ते लिहिणारी माणसं मुंबईला बरीचशी गोव्यानं पुरवली. पोर्तुगीज अमलात तिथल्या चर्चच्या शाळांमधून पोरांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवलं जाई. ही पोरं मोठी होऊन मुंबईच्या हॉटेलांतल्या जॅझ बँडमध्ये आली, आणि तिथून स्टुडिओंमध्ये. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड, ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट. शंकर-जयकिशनच्या गाण्यांत व्हायोलिनची जी भरती येते, आणि गायक एक ओळ गात असताना मागून दुसरीच एक धून उलट वाहत असते, ती डिसोझांची कलम. सिनेमाच्या पाट्यांवर ते ‘सहायक’. त्यांच्याच शेजारी दुसरे सहायक दत्ताराम, ज्यांनी कहरवा या तालाला दिलेली लचक वादकांमध्ये आजही ‘दत्ताराम ठेका’ म्हणूनच ओळखली जाते. वादक मंडळी नावं विसरत नाहीत. विसरतो ते आपण. याच दत्तारामांनी स्वतंत्रपणे केलेलं ‘परवरिश’मधलं (1958) ‘आंसू भरी हैं’ हे मुकेशचं गाणं कित्येक जण बिनदिक्कत शंकर-जयकिशनच्या नावावर खपवतात. मीही एकदा भर बैठकीत खपवलं होतं, आणि एका ज्येष्ठ मित्रानं तिथल्या तिथं कान धरला होता.

आणि हे सगळं एका दमात ध्वनिमुद्रित व्हायचं. ट्रॅक वेगवेगळे घेऊन नंतर जोडायची सोय नव्हती. गायक, कोरस, व्हायोलिनवाले, ढोलकवाला सगळे एकाच वेळी. शेवटच्या अंतऱ्यात कुणाचा हात चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. कुणाला मायक्रोफोनजवळ बसवायचं आणि कुणाला लांब, यावर गाण्याचा तोल ठरे, आणि तो तोल मिनू कात्रकांसारखे रेकॉर्डिस्ट कानानं सांभाळत. आपण ज्याला ‘त्या काळच्या गाण्यातला गोडवा’ असं मोघम म्हणतो, त्यातला कितीतरी भाग म्हणजे एका खोलीत एकमेकांचं ऐकत वाजवणाऱ्या माणसांची ही एकाग्रता आहे. गोडवा हवेतून आलेला नाही.

‘नागिन’मधली (1954) बीन तर सगळ्या देशाच्या डोक्यात बसली. गारुडी लोकांनीही ती चाल उचलली. प्रत्यक्षात ती पुंगी नव्हतीच. कल्याणजींनी क्लॅव्हायोलिन या विजेवर चालणाऱ्या वाद्यातून तो आवाज काढला होता, आणि सोबत रवी हार्मोनियमवर होते. संगीतकार हेमंतकुमार. कल्याणजी आणि रवी दोघेही पुढे मोठे संगीतकार झाले, म्हणून त्यांची ही कामगिरी नोंदली गेली. जे शेवटपर्यंत वादकच राहिले त्यांचं काय?

माझ्या मामांची एक वही माझ्याकडे आहे. रेडिओवर लागलेलं गाणं ते त्यात उतरवून ठेवत. आखीव रकाने: गीत, चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार. आणि सगळ्यात शेवटी एक अरुंद रकाना, त्याला मथळा नाही. त्यात कुठे ‘बासरी?’ असं लिहिलंय, कुठे ‘सॅक्स मनोहारी असावा’ (म्हणजे सॅक्सोफोनवाले मनोहारी सिंग), कुठे नुसतंच प्रश्नचिन्ह. पहिले पाच रकाने भरलेले आहेत ते रेडिओच्या कृपेनं. 1952च्या अखेरीस रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. तिकडे आकाशवाणीत माहिती आणि नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या धोरणामुळे फिल्मी गाण्यांना कात्री लागलेली होती, त्यामुळे देश बुधवारी रात्री अमीन सायानींना ऐकायला बसायचा. पुढे 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती आली आणि आकाशवाणीचं दार पुन्हा उघडलं. निवेदक गाण्याआधी किंवा नंतर गायक, गीतकार, संगीतकार यांची नावं सांगायचे. ती शिस्त होती. माझ्या पिढीला शैलेंद्र आणि हसरत या दोन गीतकारांमधला फरक कळतो, तो कुठल्याही पुस्तकामुळे नव्हे, त्या निवेदकांमुळे.

आता ही शिस्त राहिलेली नाही. मोबाइलवरच्या एका मोठ्या ॲपवर परवा एक गाणं लावलं. पन्नासच्या दशकातलं. वर्ष दाखवत होतं 2004, कारण त्या साली निघालेल्या कुठल्याशा संकलनातून ते उचललेलं. चित्रपटाचं नाव नाही, त्या जागी ‘सदाबहार’ असं काहीतरी. गीतकार शोधायला तीनदा बोट दाबावं लागलं आणि तिथंही रकाना रिकामाच. गाणं गीता दत्तचं, आणि चित्र दुसऱ्याच गायिकेचं. ज्या वाचक-श्रोत्यांनी हे गाणं लहानपणापासून ऐकलंय ते चूक ओळखतील. पण आज पंधरा वर्षांची एखादी मुलगी पहिल्यांदा ते ऐकत असेल, तिच्यासाठी तीच नोंद खरी. इतकी गाणी खिशात घेऊन फिरण्याची सोय आधी कधीच नव्हती, याचा मला आनंदच आहे. पण ज्या यंत्रात लाखो गाणी मावतात, त्यात एका गाण्यामागे दहा नावं मावत नाहीत हे मला पटत नाही.

हा निव्वळ सौजन्याचा प्रश्न असता तर मी एवढा हट्ट धरला नसता. नाव आणि हक्क एकमेकांना बांधलेले आहेत. 1977 साली सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की निर्मात्यानं मोबदला देऊन चित्रपटासाठी करवून घेतलेल्या गीत-संगीताचा पहिला मालक निर्माता, वेगळा करार नसेल तर कवी आणि संगीतकाराचा त्यावर पुढे दावा नाही. त्याच 1977 साली ‘अमर अकबर अँथनी’ झळकला आणि अँथनी गोन्साल्विस हे नाव गल्लीबोळांत पोचलं. चित्रपटाच्या संगीतकार जोडीतल्या प्यारेलाल यांनी आपल्या गुरूला, वर आलेल्या त्याच गोन्साल्विसांना, वाहिलेला तो मान होता. लोकांना ते पटकथेतलं काल्पनिक नाव वाटलं. 2012मध्ये कॉपीराइट कायदा बदलला, कवी आणि संगीतकारांना स्वामित्वधनात (रॉयल्टीत) समान वाटा मिळाला, तो त्यांच्याकडून लिहून घेता येणार नाही असं ठरलं, आणि कलाकाराला आपलं नाव सांगितलं जावं अशी मागणी करण्याचा अधिकारही कायद्यात आला. पण याच दुरुस्तीत ‘कलाकार’ या शब्दाच्या व्याख्येला एक शेपूट जोडलेलं आहे: चित्रपटात ज्याचं काम प्रासंगिक किंवा आनुषंगिक आहे, आणि व्यवसायाच्या नेहमीच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीत येत नाही, तो माणूस, एक अपवाद सोडला तर, कलाकार धरला जाणार नाही. हे कलम गर्दीत उभ्या राहणाऱ्यांचा विचार करून लिहिलेलं असेल, आणि जुन्या वादकांना ते मागे जाऊन लागू होत नाही. तरी त्यातला विचार नीट वाचा. नाव न देण्याचा रिवाज असेल, तर त्या रिवाजाच्याच आधारानं माणूस कलाकार नाही असं ठरू शकतं. वादकाचं नाव न लिहिण्याची सवय आजच्या तरुण वादकांच्या अंगावर कशी येऊ शकते, ते यातून दिसतं.

यावर जाणकारांचा एक आक्षेप असतो, आणि तो वजनदार आहे. ते म्हणतात, गाण्याचा कर्ता संगीतकार. वादकानं सांगितलेलं वाजवलं, पैसे घेतले, तो दुसऱ्या स्टुडिओत गेला. घर बांधणाऱ्या प्रत्येक गवंड्याचं नाव दारावर कोरतात का? मी संगीतकाराचं पहिलं स्थान नाकारत नाही. कोणाच्या हाती काय द्यायचं हे ओळखणं, हीच त्याची मोठी कला. पण गवंड्याची उपमा इथं लागू पडत नाही. वीट कोणी रचली यानं भिंत बदलत नाही. मनोहारी सिंगांचा सॅक्सोफोन काढून तिथं दुसरा कुणी बसवा, गाणं बदलेल. हे संगीतकारांनाच सर्वांत चांगलं ठाऊक होतं, म्हणून तर ते अमुकच वादक मिळावा यासाठी तारखा पुढे ढकलत.

श्रेयाचा हिशेब प्रामाणिक ठेवायचा तर तो दोन्ही बाजूंनी ठेवावा लागतो. सलील चौधरींच्या ‘इतना ना मुझसे तू प्यार बढ़ा’चा (1961) मुखडा मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीतून आलेला आहे. तो उघडपणे सांगावा. त्यानं सलीलदा लहान होत नाहीत, उलट त्या सुरावटीला पुढे त्यांनी कुठे नेलं हे दिसू लागतं. तसंच सरसकट ‘जुनं ते सोनं’ही मला मान्य नाही. त्या काळातही घिसीपिटी, कंटाळवाणी गाणी ढिगानं निघाली. ज्याला चांगलं-वाईट निवडता येत नाही त्याच्या कौतुकाला किंमत नसते, आणि निवड करायला कारागिरी कळावी लागते.

गायकांच्या बाबतीतही आपलं बरं चाललंय अशातला भाग नाही. चार-पाच नावांच्या पलीकडे आपण जात नाही. ‘कभी तनहाइयों में यूं’ (1961) कोणाला माहीत नाही? ते गाणाऱ्या मुबारक बेगम 2016 साली मुंबईत हलाखीत गेल्या. त्या गाण्याचे संगीतकार स्नेहल भाटकर मराठी माणूस. आपल्याकडे रमेश भाटकरांचे वडील अशी त्यांची ओळख करून द्यावी लागते, तेव्हा मला वाईट वाटतं.

नोंदीच नाहीत, आता कुठून आणायची नावं, असंही म्हणतात. काही गोष्टी गेल्या हे खरंच. 1931च्या ‘आलम आरा’त सात गाणी होती. त्यांच्या तबकड्या निघाल्या नाहीत आणि चित्रपटाची प्रतही उरली नाही. देशातल्या पहिल्या बोलपटाचे सूर आपण गमावून बसलो. पण दुसरं टोकही आहे. कानपूरच्या हरमंदिर सिंग ‘हमराज़’ यांनी नोकरी सांभाळून, रसिकांच्या मदतीनं, जुन्या पुस्तिका आणि तबकड्या धुंडाळत 1931 ते 1980 या पन्नास वर्षांतल्या हिंदी चित्रपटगीतांचा कोश सिद्ध केला. मागे कुठली मोठी संस्था नव्हती. एवढं एका माणसाच्या चिकाटीनं होतं, तर ज्या कंपन्यांच्या मालकीची ही ध्वनिमुद्रणं आहेत आणि त्यांवर ज्या आजही कमावतात, त्यांना जुनी दप्तरं उघडायला काय हरकत आहे? पुण्यात 1964पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. चित्रपटांच्या रिळांइतकीच वादकांच्या स्वरलिपीच्या कागदांची, हयात असलेल्यांच्या आठवणींच्या ध्वनिमुद्रणाची मोहीम तिथून का निघू नये? वेळ मात्र फार नाही. सेबॅस्टियन डिसोझा 1998मध्ये गेले, दत्ताराम 2007मध्ये, मनोहारी सिंग 2010मध्ये, गोन्साल्विस 2012मध्ये, कर्सी लॉर्ड 2016मध्ये. त्यांच्या मागच्या फळीतले जे आहेत ते ऐंशीच्या घरात आहेत.

आणि हे सगळं होईपर्यंत आपण थांबायचं कारण नाही. ॲपमध्ये चूक कळवायची सोय असते, ती वापरावी. ‘महल’च्या वेळच्या श्रोत्यांना पोस्टकार्ड लिहून टपालपेटीपर्यंत जावं लागलं होतं, आपल्याला जागचं उठावंही लागत नाही. त्या गीता दत्तच्या गाण्याबद्दल मी दोनदा लिहिलं. चित्र बदललं, वर्ष अजून तसंच आहे. पुन्हा लिहिणार आहे.

त्या कार्यक्रमाच्या आयोजकांनाही मी पत्र पाठवलं. नटाबद्दलची पाच मिनिटं तीन करा आणि उरलेली दोन त्या अकॉर्डियनवाल्या मुलाला द्या, असं सुचवलं. पुढच्या कार्यक्रमाची पत्रिका आली आहे. त्यात यावेळी मंचावरच्या सगळ्या वादकांची नावं छापली आहेत, आधी ती नसायची. मामांच्या वहीत ‘रूप तेरा मस्ताना’च्या ओळीत शेवटचा रकाना रिकामा होता. तिथं मी पेन्सिलीनं लिहिलं: अकॉर्डियन, कर्सी लॉर्ड. त्याच पानावर अजून अकरा गाणी आहेत.